फोन हीच गाडीची किल्ली: दार कधी उघडते, कधी अडते

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका मॉलच्या दुसऱ्या तळघरात आम्ही चौघे एका गाडीच्या बंद दारासमोर वीस मिनिटे उभे होतो. गाडी माझ्या आतेबहिणीची, नवी, विजेवर चालणारी. तिची किल्ली म्हणजे बहिणीच्या हातातला फोन. एरवी ती जवळ गेली की दाराचे हँडल आपोआप बाहेर येत असे. त्या संध्याकाळी ते आलेच नाही. ॲप उघडले तर गाडीचे चित्र आणि त्याखाली गोल फिरत राहणारे चक्र एवढेच दिसत होते. तळघरात रेंज नाही म्हणून असे होत असावे, असे समजून ती जिना चढून वर गेली, रेंज आल्याचे पाहून परत खाली आली, तरी चक्र फिरतच राहिले. आत्या तोवर गुडघा धरून खांबाला टेकून उभी होती. शेवटी लक्षात आले की फोनची बॅटरी ११ टक्क्यांवर आल्यामुळे फोनने आपणहून बॅटरी बचतीची सोय चालू केली होती आणि गाडीच्या ॲपचे मागे चालणारे काम थांबवून टाकले होते. ती सोय बंद केली, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले, आणि हँडल बाहेर आले. गाडीबरोबर मिळालेले किल्लीचे कार्ड घरी कपाटाच्या खणात होते; त्यावरचे प्लॅस्टिकही अजून काढलेले नव्हते.

त्या वीस मिनिटांत किल्ली हरवली नव्हती आणि गाडीही बिघडली नव्हती. किल्ली फोनच्या आत शाबूत होती, फक्त फोन त्या वेळी किल्लीचे काम करत नव्हता. लोखंडाच्या किल्लीला दुसरे कसलेच काम नसते. फोनला मात्र शेकडो कामे असतात आणि बॅटरी कमी झाली की त्यांतले कोणते काम मागे ठेवायचे हे तो स्वतः ठरवतो. फोनच्या किल्लीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत सापडते. ते नीट समजण्यासाठी आधी गाडीची किल्ली करते काय, हे पाहावे लागेल.

किल्लीची दोन कामे

किल्ली दार उघडते आणि गाडी सुरू करण्याची परवानगी देते. ही दोन कामे वेगळी आहेत. रस्त्याकडेच्या किल्लीवाल्याकडून नुसते पाते घासून घेतलेल्या डुप्लिकेट किल्लीने दार उघडते, पण बऱ्याच गाड्या तिने सुरू होत नाहीत किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतात, हा अनुभव अनेकांना असेल. याचे कारण मूळ किल्लीच्या डोक्यात बसवलेली बारीक चिप. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला चुंबकीय क्षेत्रामार्फत क्षणभर वीज मिळते, तेवढ्यात ती गाडीला आपली ओळख पटवते आणि मगच इंजिनाला इंधन मिळते.

पुढे बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या आणि किल्ली खिशातून बाहेर काढायची गरज उरली नाही. गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे अगदी कमी वारंवारतेच्या लहरींनी हाक मारते. ही हाक मीटर-दोन मीटरपलीकडे जात नाही. ती ऐकू आली की खिशातला रिमोट जास्त वारंवारतेच्या लहरींनी उत्तर देतो. आजच्या गाड्यांत हा संवाद कोड्यासारखा चालतो: गाडी दर वेळी नवे कोडे घालते, रिमोट आपल्या पोटातले गुपित वापरून त्याचे उत्तर काढतो, आणि गुपित मात्र हवेत कधीच सोडत नाही. त्यामुळे कोणी कालचे उत्तर चोरून ऐकले तरी आजच्या कोड्याला त्याचा उपयोग नाही. रिमोटमधली बटणाएवढी गोल बॅटरी साधारण वर्ष-दोन वर्षे टिकते, आणि ती संपली तरी रिमोटच्या आतले लोखंडी पाते काढून दार उघडता येते, रिमोट स्टार्ट बटणाला किंवा कंपनीने नेमून दिलेल्या जागी टेकवला की त्यातली बिनबॅटरीची चिप गाडीही सुरू करून देते. म्हणजे या जुन्या व्यवस्थेत एकाखाली एक अशा तीन पायऱ्या होत्या. फोनच्या किल्लीची तुलना करायची तर ती या तिन्ही पायऱ्यांशी करावी लागते, कारण अडचणीच्या वेळी माणूस तिसऱ्याच पायरीवर उभा असतो.

एक फोन, चार वाटा

‘फोनने गाडी उघडते’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो चार निराळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक सांगत असू शकतो, आणि त्यांची खात्रीलायकता एकमेकींपासून फार वेगळी आहे.

पहिली वाट इंटरनेटची. ॲपमधले बटण दाबले की निरोप मोबाइलच्या टॉवरवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून पुन्हा टॉवरवरून गाडीतल्या सिमकार्डाकडे येतो, आणि मग कुलूप उघडते. माणूस आणि गाडी यांच्यात हातभराचे अंतर असले तरी निरोप कदाचित दुसऱ्या देशातून फिरून आलेला असतो. या साखळीतली एक कडी तुटली तरी दार बंदच राहते. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत लास व्हेगासजवळच्या रेड रॉक कॅनियन भागात टेस्ला कंपनीच्या विजेच्या गाडीचा एक मालक असाच अडकला. घरून निघताना त्याने फोनवरून गाडी सुरू केली होती आणि किल्ली बरोबर घेतली नव्हती. वाटेत तो गाडीतून उतरला, आणि तिथे मोबाइलची रेंज नसल्यामुळे गाडी पुन्हा सुरू होईना. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तर रेंज असूनही अडचण आली. टेस्लाच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि वेगवेगळ्या देशांतल्या अनेक मालकांना काही तास ॲपमधून गाडीशी संपर्कच साधता आला नाही. नेटवर्कवरची वाहतूक चुकून वाढवली गेल्यामुळे हे घडले असावे, असे सांगून टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी तेव्हा माफी मागितली होती. ज्यांच्याकडे कार्ड होते त्यांचे फारसे बिघडले नाही. एवढ्यावरून मी असे म्हणेन, की इंटरनेटच्या वाटेला किल्ली म्हणूच नये. गाडी कुठे उभी आहे ते पाहायला, उन्हात उभ्या गाडीचा एसी आधीच लावायला, किंवा घाईत कुलूप लावायचे राहिले असेल तर घरून लावायला ती उत्तम आहे. दार उघडण्याचा एकमेव आधार म्हणून ती अपुरी आहे.

दुसरी वाट ब्लूटूथची, आणि आज सर्वांत जास्त वापर हिचाच होतो. टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ ही गाडी ग्राहकांना द्यायला सुरुवात केली तेव्हा तिच्याबरोबर नेहमीचा रिमोट दिलाच नाही. फोन ही मुख्य किल्ली आणि खिशात ठेवायचे कार्ड ही राखीव किल्ली, अशी मांडणी केली. या पद्धतीत फोन आणि गाडी यांच्यात थेट संवाद होतो. त्याला रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. तळघरात बहीण रेंज आणायला वर गेली ती मेहनत म्हणूनच वाया गेली: ॲपमध्ये फिरणारे चक्र इंटरनेटवरून गाडीला शोधत होते आणि दार उघडणारे ब्लूटूथ फोनच्या आत झोपलेले होते. एकाच ॲपमध्ये दोन वाटा आहेत आणि पडद्यावर त्यातली एकच दिसते, ही गोष्ट गाडी ताब्यात देताना कोणीतरी सांगायला हवी.

ब्लूटूथची मुख्य अडचण अशी, की फोन गाडीपासून नेमका किती लांब आहे हे त्याला मोजता येत नाही. ते अंदाज बांधते. गाडी येणाऱ्या लहरीची शक्ती पाहते आणि ‘एवढी जोरात येते आहे, म्हणजे फोन जवळच असणार’ असे धरून चालते. मोकळ्या मैदानात हा हिशेब बरोबर ठरतो: अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश होते. पण माणूस मैदानात राहत नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच आहे. फोन पाठीमागच्या खिशात असेल आणि तुम्ही गाडीकडे तोंड करून चालत असाल, तर फोन आणि गाडी यांच्यामध्ये तुमचे अख्खे शरीर आडवे येते. त्यामुळे दोन पावलांवर आलेला फोन गाडीला दहा पावलांवर असल्यासारखा भासतो. उलट तळघरात सिमेंटच्या भिंतींवर आणि शेजारच्या गाड्यांच्या पत्र्यावर आपटून लहरी कुठे एकवटतात, कुठे एकमेकींना मारून टाकतात. वायफाय याच पट्ट्यात बोलते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही इथेच येते. म्हणून एकाच माणसाची, एकाच फोनची, एकाच गाडीची गोष्ट असूनही सोमवारी दार लांबूनच उघडते आणि मंगळवारी हँडलला हात लावूनही उघडत नाही. लोक यालाच ‘मनात येईल तेव्हा चालते’ म्हणतात. त्यात लहरीपणा काही नाही, मोजमापाची ही पद्धतच ढोबळ आहे. दुसरी बाजूही तेवढीच त्रासाची आहे: बंगल्याच्या दाराशी उभ्या केलेल्या गाडीला दिवाणखान्यातला फोन जवळच वाटत राहतो आणि माणूस घरात गेला तरी गाडीला कुलूप लागत नाही.

तिसरी वाट एनएफसीची. कार्ड यंत्राला टेकवून किंवा फोन टेकवून पैसे देतो तेच हे तंत्र. ते जेमतेम चार सेंटिमीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराच्या अंदाजाचा प्रश्नच उरत नाही: टेकवले तर उघडेल, नाही तर नाही. फोन खिशातून काढावा लागतो, एवढीच त्याची गैरसोय. पण किल्लीच्या डोक्यातल्या बिनबॅटरीच्या चिपेचा गुण इथे परत आलेला आहे. किल्लीचे कार्ड बॅटरीशिवाय चालते, कारण लागणारी वीज त्याला गाडीकडून मिळते. आयफोनमध्येही बॅटरी संपून पडदा काळा झाल्यानंतर जास्तीत जास्त पाच तासांपर्यंत किल्ली टेकवून वापरता येईल अशी सोय ॲपलने ठेवली आहे. ॲपलने ही किल्ली २०२० च्या जूनमध्ये बीएमडब्ल्यूच्या ५ सीरिज गाडीपासून सुरू केली. इथे किल्लीचे गुपित कंपनीच्या ॲपमध्ये न राहता फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपेत, ‘वॉलेट’ या फोनच्या स्वतःच्या ॲपच्या खाली राहते. हा फरक बाहेरून दिसत नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ॲप झोपले, अडखळले किंवा अपडेटमध्ये बिघडले तरी ती चिप गाडीच्या कोड्याला उत्तर देऊ शकते.

चौथी वाट यूडब्ल्यूबीची, म्हणजे खूप रुंद पट्ट्यात अतिशय आखूड स्पंदने सोडणाऱ्या रेडिओची. इथे लहरीची शक्ती न पाहता तिला यायला लागलेला वेळ मोजला जातो. प्रकाश आणि रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातात. स्पंदन किती नॅनोसेकंदांत जाऊन आले हे कळले की अंतर वीतभराच्या चुकीने सांगता येते. आणि गाडीच्या चार-पाच ठिकाणी असे रेडिओ बसवले की फोन ड्रायव्हरच्या दाराशी आहे, डिकीपाशी आहे की गाडीच्या आत आहे हेही कळते. फोन मागच्या खिशात असला तर स्पंदन क्षीण होते, पण लवकर पोचलेले स्पंदन लवकरच पोचलेले असते. बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये आयएक्स या गाडीपासून ही किल्ली आणली. तिला तशी चिप असलेला फोन लागतो आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ती नसते.

या सगळ्या कंपन्यांनी आपापली भाषा बोलू नये म्हणून कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्टियम या संस्थेने डिजिटल किल्लीचे सामाईक नियम केले. त्यांतल्या दुसऱ्या आवृत्तीचा पाया एनएफसी होता; २०२१ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ब्लूटूथ आणि यूडब्ल्यूबी यांची भर पडली. गाडी या नियमांनुसार आहे की कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर चालते, हा प्रश्न गाडी घेताना रंगाइतकाच सहज विचारला जावा, असे मला मनापासून वाटते.

फोनच्या पोटात काय चालते

आता मूळ दुखण्याकडे येऊ. फोन बनवणाऱ्यांची आपसातली चढाओढ बऱ्याच अंशी बॅटरी किती टिकते यावर असते. म्हणून फोनची प्रणाली सतत पाहत असते, की पडद्यावर नसलेले कोणते ॲप मागे काम करत आहे, आणि ते विनाकारण वीज खाते आहे असे वाटले की त्याला थांबवते. अँड्रॉइडवर हे काम गूगलच्या नियमांवर न थांबता प्रत्येक फोन कंपनी आपापल्या परीने आणखी कडक करते, आणि आपल्या बाजारात जास्त खपणाऱ्या कित्येक फोनमध्ये ही कडकाई बरीच आहे. गाडीच्या ॲपला मात्र दिवसभर मागे जागे राहणे भागच असते, कारण तुम्ही गाडीजवळ केव्हा जाल हे त्याला माहीत नसते. तुम्ही आठ तास ऑफिसात बसता, तेवढ्या वेळात ॲप एकदाही उघडले जात नाही, फोनला ते निरुपयोगी वाटते आणि ते झोपवले जाते. संध्याकाळी नेमकी किल्ली लागते तेव्हा ती झोपलेली असते. सकाळी चालले आणि संध्याकाळी चालले नाही, अशा तक्रारीमागे हे कारण नेहमी तपासून पाहावे.

अनेकांना हाताची एक सवय असते: उघडलेली सगळी ॲप वर सरकवून एकामागून एक बंद करायची. असे केल्याने फोन हलका होतो असा समज आहे. गाडीचे ॲप असे सरकवून बंद केले तर आयफोन त्याचा अर्थ ‘मालकाला हे आता नको आहे’ असा घेतो आणि ते स्वतःहून पुन्हा जागे होत नाही. फोन बंद करून चालू केल्यानंतरही तो एकदा उघडेपर्यंत अनेक ॲप कामाला लागत नाहीत. प्रणालीचे मोठे अपडेट झाले की ब्लूटूथची किंवा ठिकाण पाहण्याची परवानगी पुन्हा मागितली जाऊ शकते. घाईत ‘नको’ वर बोट पडले, तर किल्ली गेली, आणि ती गेल्याचे गाडीपाशी जाईपर्यंत कळत नाही. नवा फोन घेतला तर जुन्या फोनवरचे फोटो, संपर्क, संदेश सगळे त्यावर येते, पण ॲपवर चालणारी किल्ली सहसा येत नाही, कारण तिचे गुपित नक्कल होऊ नये असेच ठेवलेले असते. म्हणून जुना फोन दुकानात देऊन टाकण्याआधी नवा फोन गाडीपाशी नेऊन जोडून घ्यावा आणि तो चालतो याची खात्री करावी.

फोनच्या कव्हरचाही विचार करावा लागतो. गाडीच्या होल्डरला चिकटण्यासाठी पाठीवर लावलेली लोखंडी चकती, किंवा कव्हरच्या खणात ठेवलेले मेट्रोचे नाहीतर बँकेचे कार्ड, एनएफसीच्या आड येते. गाडीला फोनऐवजी ते कार्डच आधी सापडते.

कधी दोष फोनचा नसून गाडीचा असतो. विजेच्या गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते आणि कुलपे, रेडिओ, संगणक तिच्यावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही फोन, कार्ड, ॲप कशानेच दार उघडत नाही. ज्या गाडीला लोखंडी पाते घालायला भोक आहे तिथे निभावते. जिथे ते नाही तिथे कंपनी बाहेरून १२ व्होल्ट देण्याची जागा ठेवते. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये ती पुढच्या बंपरवरच्या गाडी ओढण्याच्या हुकाच्या झाकणामागे आहे. ही जागा कुठे आहे ते सांगणारे मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात, म्हणजे बंद गाडीतच राहते, म्हणून त्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा.

चोर काय करतो

फोनची किल्ली म्हणजे हॅकरला आमंत्रण, अशी भीती बोलून दाखवली जाते. कोडे आणि उत्तराचे गणित फोडणे फार अवघड आहे आणि चोर त्या फंदात पडत नाही. तो अंतराविषयी गाडीला फसवतो. एक चोर गाडीजवळ यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा मालकाच्या जवळ. गाडीची हाक पहिल्या यंत्राने पकडून दुसऱ्याकडे पाठवायची आणि उत्तर उलट आणायचे. गाडीला आणि किल्लीला दोघांनाही आपण शेजारी आहोत असे वाटते. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा प्रकारच्या गाड्यांवर हे करून दाखवले, तेव्हा फोनच्या किल्ल्या नव्हत्याच. साधे रिमोट होते. म्हणजे हा दोष फोनने आणलेला नाही, पण ब्लूटूथने तो आपल्याबरोबर पुढे नेला. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेने मॉडेल ३ आणि आयफोन घेऊन तेच केले. फोन गाडीपासून सुमारे २५ मीटरवर घराच्या वरच्या मजल्यावर होता, मधल्या यंत्रांनी सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी अवघे आठ भाग उशीर लावला, आणि ब्लूटूथच्या नेहमीच्या संथपणात तो उशीर लपून गेला.

यूडब्ल्यूबीमध्ये हा डाव अवघड होतो, कारण निरोप फिरवून आणायला वेळ लागतोच आणि इथे नॅनोसेकंद मोजले जातात. अट एवढीच, की गाडीने ते मोजमाप दार उघडण्यासाठी खरोखर वापरले पाहिजे. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी यूडब्ल्यूबी असलेल्या नव्या मॉडेल ३ वरही हीच चोरी करून दाखवली, कारण तेव्हा अंतराची ती तपासणी कुलपासाठी बंधनकारक केलेली नव्हती. त्याच वर्षी ब्लूटूथच्या ६.० आवृत्तीत अंतर मोजण्याची नवी पद्धत आली आहे; ती असलेले फोन आणि गाड्या रस्त्यावर रुळेपर्यंत ब्लूटूथच्या किल्लीला अंदाजपंचेच समजावे. गाडी सुरू करताना आकड्यांचा पिन मागण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. चोराने दार उघडले तरी गाडी जाग्यावर राहते.

आपल्या रस्त्यावर आणि सोसायटीत

आपल्याकडे ही किल्ली आता महागड्या गाड्यांपुरती उरलेली नाही. एमजीने ॲस्टरमध्ये २०२१ मध्ये ब्लूटूथची किल्ली दिली. ह्युंदाईने २०२४ च्या नव्या अल्काझारमध्ये आणि २०२५ च्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये फोन हँडलला टेकवून उघडण्याची एनएफसीची किल्ली दिली, त्यात गाडी सुरू करायला फोन वायरलेस चार्जरच्या जागी ठेवायचा असतो. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले, तिच्या मॉडेल वायमध्येही फोन आणि कार्ड हीच व्यवस्था आहे.

या किल्लीची कल्पना ज्या समाजात जन्मली तिथे गाडी बहुधा एकच माणूस चालवतो. आपल्याकडे एका गाडीला किती हात लागतात ते पाहा. पगारी ड्रायव्हर असतो, सुट्टीच्या दिवशी बदली ड्रायव्हर असतो, पहाटे गाडी पुसणारा असतो, गॅरेजवाला असतो, लग्नाच्या हॉलवर गाडी लावून देणारा मुलगा असतो. मुंबई-पुण्याच्या ज्या सोसायट्यांत एकावर एक गाड्या लावायचे पार्किंग आहे, तिथे वरची गाडी काढण्यासाठी खालची हलवावी लागते म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्यांवर सगळ्यांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. या प्रत्येकाच्या हाती आपला फोन, म्हणजे आपली बँक, कोणीही देणार नाही. डिजिटल किल्ली दुसऱ्याच्या फोनवर पाठवण्याची सोय असते आणि घरच्या माणसांसाठी ती चांगली आहे. ड्रायव्हरकडे चालणारा फोन नसेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून आपल्याकडे कार्ड किंवा रिमोट हा जोडीचा तुकडा नसून मुख्य भाग आहे आणि अशी दोन कार्डे तरी हवीत: एक नेहमी पाकिटात, एक देण्याघेण्यासाठी. ज्या गाडीत दुसरे कार्ड जास्तीचे पैसे देऊन मिळते तिथे ते पैसे द्यावेत.

विम्याचीही एक बाजू आहे. गाडी चोरीला गेल्याचा दावा करताना विमा कंपन्या सर्व मूळ किल्ल्या जमा करायला सांगतात. एक कमी पडली तर दाव्यावर प्रश्न उभे राहतात. फोनमधली किल्ली जमा कशी करणार? पॉलिसी घेताना हे लेखी विचारून ठेवावे, आणि कोणाकोणाच्या फोनवर किल्ली दिली आहे त्या यादीचा पडद्यावरचा फोटो अधूनमधून काढून ठेवावा.

आतेबहिणीच्या फोनवर आम्ही दुसऱ्याच दिवशी बसून तीन गोष्टी केल्या. बॅटरीच्या सेटिंगमध्ये गाडीच्या ॲपवरचे निर्बंध काढून टाकले, ब्लूटूथ आणि ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’ वर ठेवली, आणि कार्डावरचे प्लॅस्टिक काढून ते तिच्या पाकिटात टाकले. मग फोन मुद्दाम बंद करून, कार्डाने दार उघडून गाडी सुरू होते का ते खाली पार्किंगमध्ये जाऊन पाहिले. पहिल्या खेपेला नाहीच झाली, कारण कार्ड आत नेमके कुठे ठेवायचे हे तिला माहीत नव्हते; ती जागा दोन सीटच्या मधल्या कप्प्यावर होती, वरती कसलीही खूण नव्हती. आत्यालाही ती जागा दाखवली.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट करायला हवी, आणि ती आरसी बुकावर नाव चढण्याची वाट न पाहता, व्यवहाराच्या दिवशीच. आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून गाडी काढली आहे ना, हे त्याच्या समोर पाहावे, आणि गाडीच्या पडद्यावर जोडलेल्या किल्ल्यांची यादी उघडून एकेक नाव वाचावे. त्यात त्याचा फोन असेल, बायकोचा असेल, कधीकाळच्या ड्रायव्हरचा असेल. आपला फोन आणि हातात असलेली कार्डे सोडून बाकीची सगळी नावे तिथेच उभे राहून काढून टाकावीत.